एक चलन, अनेक शेअर बाजार

नमस्कार श्रोतेहो.

४ जानेवारी १९९९, सोमवार. पॅरिस, फ्रँकफर्ट, मिलान, माद्रिदचे शेअर बाजार उघडले आणि भाव लागले ते युरोमध्ये. युरोच्या नोटा लोकांच्या हाती यायला २००२ साल उजाडावं लागलं. पण ११ देशांच्या बाजारांचं चलन त्या सकाळी एक झालं होतं. त्यामुळे हे बाजार कितपत एक झाले, हे आज पाहू.

त्याआधी जर्मन गुंतवणूकदार मिलानमध्ये शेअर घ्यायचा, तेव्हा कंपनीच्या जोखमीबरोबर लिरा या इटलीच्या चलनाचीही जोखीम गळ्यात पडायची. समजा, शेअर १० टक्के चढला आणि तेवढ्यात लिरा जर्मनीच्या मार्कपुढे १५ टक्के घसरला. हिशेब केला तर हाती साडेसहा टक्के तोटा. कंपनी उत्तम, निवड अचूक, तरी नुकसान! ही भीती पोकळ नव्हती. सप्टेंबर १९९२ मध्ये लिरा युरोपच्या विनिमयदर व्यवस्थेतून, म्हणजे चलनांचे आपसातले दर ठरावीक मर्यादेत ठेवणाऱ्या व्यवस्थेतून, बाहेर पडला आणि गडगडला.

युरोने ही जोखीम संपवली. पण मला त्याहून मोलाचा वाटतो तो विमा कंपन्यांवरचा परिणाम, ज्याची चर्चा फारशी होत नाही. देणी ज्या चलनात, गुंतवणूकही मुख्यतः त्याच चलनात, असा त्यांच्यासाठी नियम होता. म्हणजे फ्रेंच कंपनीचा पैसा बराचसा फ्रँकमध्येच अडकलेला. चलन एक झालं आणि नियम तोच असताना हेलसिंकीपासून लिस्बनपर्यंतचे शेअर तिला आपल्याच चलनातले झाले. फंड व्यवस्थापकही 'देश कोणता' यापेक्षा 'उद्योग कोणता' हे आधी पाहू लागले. २००० मध्ये पॅरिस, ॲमस्टरडॅम आणि ब्रुसेल्सचे बाजार मिळून युरोनेक्स्ट उभं राहिलं.

सगळं श्रेय मात्र युरोला देता येत नाही. लंडन आणि स्टॉकहोम युरोबाहेर राहिले, तरी त्यांचे निर्देशांक बाकीच्या युरोपबरोबरच वरखाली होत राहिले.

आणि मग २०१५ चा उन्हाळा आला. कर्जसंकटात सापडलेल्या, युरो वापरणाऱ्या ग्रीसमध्ये बँका बंद, एटीएममधून दिवसाला फक्त ६० युरो, परदेशी पैसे पाठवायला बंदी. अथेन्सचा शेअर बाजार पाच आठवडे बंद राहिला आणि ३ ऑगस्टला उघडला, तो एका दिवसात १६ टक्के कोसळला. फ्रँकफर्टमध्ये याच चलनात रोजचे व्यवहार सुरळीत चालू होते. ग्रीक खातेदाराचा युरो मात्र देशाची सीमा ओलांडू शकत नव्हता.

कारण चलन एक झालं, तरी दिवाळखोरीचे कायदे, ठेवींचा विमा आणि करांचे नियम ज्या त्या देशाचेच राहिले. लाभांशावर दोन देशांत कापला गेलेला कर परत मिळवायचा, तर आजही प्रत्येक देशाचे अर्ज वेगळे, कागदपत्रं वेगळी. ही प्रक्रिया सोपी करणारा निर्देश युरोपीय संघाने डिसेंबर २०२४ मध्ये मंजूर केला आहे. तो लागू व्हायचा आहे २०३० पासून.

नमस्कार.