जूनचे पाच रकाने, नोव्हेंबरचा एक गोल

(दृश्य: मतपत्रिका अगदी जवळून, काळं पेन)

अकरा नावं, आणि प्रत्येक नावापुढे पाच गोल. पहिली पसंती, दुसरी, तिसरी, चौथी, पाचवी. न्यूयॉर्कच्या महापौरपदासाठी २४ जून २०२५ ला डेमोक्रॅटिक पक्षाची प्रायमरी, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणारी निवडणूक झाली, तिची ही मतपत्रिका. आपल्याकडे पदवीधर मतदारसंघात ज्यांनी मत दिलंय, त्यांना पसंतीक्रम काही नवा नाही. तिथे नावापुढे आकडा लिहितात, इथे गोल काळा करतात.

चुका होतात त्या इथेच. एकाच उमेदवाराचे पाचही गोल भरले म्हणून मताचा जोर वाढत नाही. ते एकच मत धरलं जातं. एका रकान्यात दोन नावांचे गोल भरले, तर ती पसंती आणि तिच्या पुढच्या सगळ्या बाद. मशीन तशी सूचना देतं. तेव्हा घाई करायची नाही, नवी मतपत्रिका मागायची. मिळते. सर्वांत महागात पडते ती मात्र वेगळीच गोष्ट: एक नाव भरून बाकीचे रकाने कोरे सोडणं. प्रत्येक फेरीत सर्वांत कमी मतांचा उमेदवार बाद होतो आणि त्याची मतं पुढच्या पसंतीकडे जातात; पुढची पसंतीच नसेल तर मत तिथेच संपलं. २०२१ च्या प्रायमरीत एरिक ॲडम्स ७,१९७ मतांनी जिंकले. शेवटच्या फेरीपर्यंत पोचूच न शकलेल्या मतपत्रिका होत्या १ लाख ४० हजारांच्या घरात.

२०२५ च्या उमेदवारांपैकी झोहरान ममदानींच्या कार्यकर्त्यांनी हा हिशेब घरोघरी नेला.

(दृश्य: टेबलावर आंब्याच्या लस्सीचे ग्लास)

स्वतः ममदानींनी हिंदीतून व्हिडिओ केला आणि लस्सीचे ग्लास मांडून पसंतीक्रम समजावला. १३ जूनला त्यांनी आणि प्रतिस्पर्धी उमेदवार ब्रॅड लँडर यांनी आपापल्या मतदारांना उघड सांगितलं, दुसरी पसंती एकमेकांना द्या.

(दृश्य: इमारतीचा जिना, वरून खाली)

हे काम जिन्यात होतं. इमारतीत शिरलं की आधी लिफ्टने सर्वांत वर जायचं आणि एकेक मजला उतरत यायचं. खालून सुरुवात केली तर चौथ्या मजल्यावर पाय भरून येतात आणि वरची दारं राहून जातात. बेल वाजवली की दोन पावलं मागे सरायचं, म्हणजे दाराच्या भिंगातून बघणाऱ्याला माणूस पूर्ण दिसतो, हातातली पत्रकं दिसतात. बोलणं झालं की फोनवरच्या यादीत आकडा टाकायचा: १ म्हणजे पक्का आपला, ५ म्हणजे पक्का विरोधातला. मतदान जवळ आलं की १ आणि २ च्या दारी पुन्हा जायचं, ५ च्या दारी वेळ घालवायचा नाही. घरात कुणी नसेल तर पत्रक दाराच्या फटीत. टपालपेटीत कधीच नाही. तिकीट न लावलेला कागद त्या पेटीत टाकायला अमेरिकेचा कायदा मनाई करतो.

पैशाचाही हिशेब होता. समोर न्यूयॉर्क राज्याचे माजी गव्हर्नर अँड्र्यू कुओमो, आणि त्यांच्या बाजूने जाहिरातींवर कोट्यवधी डॉलर ओतणारे धनाढ्य देणगीदार. इकडे शहराची योजना: न्यूयॉर्ककराने दिलेल्या पहिल्या २५० डॉलरपर्यंत प्रत्येक डॉलरला शहर आठ डॉलर घालतं. दहा दिले की नव्वद होतात. मार्चमध्येच खर्चाच्या मर्यादेइतका निधी जमला, आणि ममदानींनी लोकांना सांगितलं, आता पैसे नकोत, वेळ द्या.

(दृश्य: रात्रीचं मॅनहॅटन, चालणारी गर्दी)

२० जूनच्या संध्याकाळी ते उत्तर टोकाच्या इनवुडहून निघाले आणि पायी थेट बॅटरी पार्कला पोचले. तेरा मैल.

(दृश्य: मोबाइलचा पडदा, नऊ वाजून काही मिनिटं)

मतदानाच्या दिवशी पारा शंभर फॅरनहाइटला टेकला होता. रात्री नऊला केंद्रं बंद झाली. आधीच्या नऊ दिवसांत झालेल्या लवकर मतदानाचे आकडे सर्वांत आधी आले. ती मतं होती जवळपास ३ लाख ८४ हजार, २०२१ च्या दुप्पट. त्यातच ममदानी पुढे. त्याच रात्री कुओमोंनी पराभव मान्य केला. पहिल्या फेरीत ममदानींना ४३ टक्के, कुओमोंना ३६. १ जुलैला पसंत्या मोजल्या, तेव्हा ५६ विरुद्ध ४४.

शहराच्या विभागांपैकी ब्राँक्सचा मोठा भाग आणि आग्नेय क्वीन्स कुओमोंकडे गेला; मुख्य निवडणुकीसाठी तिथे जायचं होतं.

(दृश्य: भिंतीवरचं कॅलेंडर, ४ नोव्हेंबर २०२५)

मुख्य निवडणुकीत पसंतीक्रम नाही. एकच मत, ज्याला सर्वाधिक तो महापौर. मतपत्रिकेवर रिपब्लिकन कर्टिस स्लिवा होते, अपक्ष म्हणून तेव्हाचे महापौर ॲडम्स होते आणि कुओमोही होते. त्यामुळे जूनमध्ये दारोदारी शिकवलेलं वाक्य बदलावं लागणार होतं. 'आम्हाला दुसरी पसंती तरी द्या' ही विनंती नोव्हेंबरला निरुपयोगी होती. ममदानींचं नाव मात्र दोन जागी होतं, डेमोक्रॅटिक आणि वर्किंग फॅमिलीज या दोन्ही पक्षांच्या ओळीत. गोल एकाच ठिकाणी भरायचा होता.

यादीही नवी. प्रायमरीत फक्त नोंदणीकृत डेमोक्रॅट मत देऊ शकत होते. शहरात कुठल्याच पक्षात नाव नसलेले मतदार दहा लाखांहून जास्त होते. जूनमध्ये त्यांच्या दारावरून पुढे जावं लागलं, नोव्हेंबरसाठी तीच बेल वाजवायची होती. ३० जूनला शहराच्या भाडे मंडळाने भाडेनियंत्रित घरांचं वर्षाचं भाडं ३ टक्क्यांनी वाढवलं. त्या मंडळाचे नऊही सदस्य महापौर नेमतो. दार उघडलं की पहिलं वाक्य हेच.

(दृश्य: क्वीन्समधला जिना, बेलवर बोट)

मतदार नोंदणीची शेवटची तारीख होती २५ ऑक्टोबर. लवकर मतदान त्याच दिवशी सुरू झालं आणि २ नोव्हेंबरला संपलं.