गाडीखालचा ट्रे

(गॅरेज, सकाळ. फरशीवर पत्र्याचा ट्रे. त्यावर हळूहळू सरकत येणारं मागचं चाक.)

इंग्लंडमधलं कॉव्हेंट्री. घरामागच्या या विटांच्या खोलीत गाडी लावायची तर आधी ट्रे सरकवायचा, मग गाडी स्टँडवर घ्यायची. गाडी आहे 1967 ची ट्रायम्फ बॉनव्हिल. 649 सीसी, दोन सिलिंडर, दोन कार्ब्युरेटर आणि सुरू करायला फक्त किक.

जगभरच्या मेकॅनिकांच्या तोंडी एक वाक्य आहे: ब्रिटिश गाडी आहे, तेल गळणारच. आपल्याकडे जुनी बुलेट सांभाळणाऱ्यांनीही ते कधी ना कधी ऐकलेलं असतं. तेल गळतं, हे खरंच आहे. पण त्या ‘गळणारच’मधला ‘च’ आम्हाला मान्य नाही. तो कुठून आला, हे बघायला आम्ही आलोय. आज हे इंजिन उघडणार आहे.

(पान्यांचा कप्पा. हात.)

हे पाने जपून बघा. यांच्यावरचे आकडे आपल्या मिलिमीटरच्या पान्यांशी जुळत नाहीत. हे इंचांच्या हिशोबातले जुने ब्रिटिश पाने. या गॅरेजमधल्या आजोबांची सगळी नोकरी मशीनशॉपमध्ये गेली. पाना उचलताना ते आकडा वाचत नाहीत.

आधी टाकी उतरते. मग कार्ब्युरेटर, मग वरचे रॉकर बॉक्स. रॉकर बॉक्सखाली दोन नळ्या दिसतात, एक इंजिनच्या पुढे आणि एक मागे. यांच्यातून पुशरॉड, म्हणजे ढकलणाऱ्या बारीक सळया, वर जातात आणि व्हॉल्व्ह उघडतात. वर आलेलं तेल याच नळ्यांतून खाली परतत राहतं. नळीच्या दोन्ही टोकांना रबरी सील आहेत. सील जाड लागली तर वरचं हेड नीट बसत नाही, पातळ लागली तर नळी सैल राहते. दोन्हींमध्ये तेलाला वाट मिळते. आजोबा ती फट फीलर गेजने, म्हणजे मापाच्या पातळ पट्ट्यांनी, मोजतात, सील बदलतात, पुन्हा मोजतात. हे त्यांनी आमच्यासमोर चार वेळा केलं.

आता पिस्टन बघा. दोन्ही एकदम वर जातात, दोन्ही एकदम खाली येतात. दर फेरीला एक सिलिंडर पेटतो, त्यामुळे गाडीचा ठेका एकसारखा पडतो. तो आवाज ज्याने ऐकलाय, त्याला वेगळं सांगायला नको. पण पिस्टन खाली येताना खालच्या चेंबरमधली, म्हणजे क्रँककेसमधली, हवा कुठे जाणार? एका झटक्यात साडेसहाशे सीसी जागा कमी होते आणि पुढच्या झटक्यात तेवढीच परत वाढते. मिनिटाला सहा हजार फेरे धरले, तर सेकंदाला शंभर वेळा. म्हणजे क्रँककेस हा पंपच झाला. ही हवा बाहेर सोडायला कॅमशाफ्टच्या, म्हणजे व्हॉल्व्ह हलवणाऱ्या दांड्याच्या, टोकाला एक छोटी फिरती झडप आहे. तिची वेळ चुकली किंवा ती झिजली, की हवा दुसरी वाट शोधते. जिथे पॅकिंग दमलंय तिथून ती बाहेर पडते आणि जाताना तेल घेऊन जाते.

(क्रँककेसचे दोन अर्धे भाग, टेबलावर शेजारी शेजारी.)

आमच्या मते सगळ्यात महत्त्वाचं दृश्य हे. क्रँककेस उभी चिरलेली आहे, नारळाची दोन भकलं व्हावीत तशी, डावी आणि उजवी. सांधा वरून खालपर्यंत आलाय आणि तळाशी, जिथे तेल साचतं, तिथूनच गेलाय. मध्ये पॅकिंगही नाही. दोन धातूंचे चेहरे आणि त्यांच्यामध्ये लेपाचा पातळ थर, एवढ्यावर सगळी भिस्त.

सपाट प्लेटवर निळा रंग लावून अर्धी क्रँककेस तिच्यावर फिरवली, की उंचवट्यांवर निळे ठिपके उमटतात. जिथे रंग लागला नाही तिथे खड्डा. आजोबा उंचवटे घासतात, पुन्हा रंग लावतात, पुन्हा फिरवतात. चेहरा सगळीकडून निळा होईपर्यंत हेच चालतं. कारखान्यात प्रत्येक इंजिनवर असं तासन् तास काम होणं शक्य नव्हतं. तिथे हे काम यंत्रानेच बिनचूक करायला हवं होतं.

(जुनी छायाचित्रं.)

या इंजिनचा पूर्वज म्हणजे एडवर्ड टर्नर यांचं 1937 चं स्पीड ट्विन. 500 सीसीचं, दोन सिलिंडरचं, आणि तरी एका सिलिंडरच्या गाडीच्या चौकटीत मावणारं. पुढे अनेक ब्रिटिश कंपन्यांनी हाच ढाचा उचलला. नोव्हेंबर 1940 मध्ये जर्मन बॉम्बहल्ल्यात कॉव्हेंट्री जळालं, त्यात ट्रायम्फचा कारखानाही गेला. 1942 मध्ये जवळच्या मेरिडेन गावात नवा कारखाना उभा राहिला. युद्ध संपल्यावर गाड्या अमेरिकेला जाऊ लागल्या. 1959 मध्ये बॉनव्हिल आली.

मागणी होती, पैसा येत होता. इंजिनचा ढाचा मात्र 1937 चाच राहिला. तो 500 चा 650 झाला, ताकद वाढली, फेरे वाढले आणि सगळा ताण त्याच उभ्या सांध्यावर आला. 1960 मध्ये टर्नर स्वतः जपानला गेले, तिथले कारखाने पाहिले आणि ते किती पुढे आहेत याचा अहवाल परत येऊन लिहिला. म्हणजे माहीत नव्हतं असं नाही.

1969 मध्ये होंडाची 750 बाजारात आली. चार सिलिंडर, डोक्यावर कॅमशाफ्ट, पुढे डिस्क ब्रेक, बटण दाबून सुरू होणारी. आणि क्रँककेस आडवी चिरलेली. खालचा भाग पातेल्यासारखा खाली उतरणारं तेल झेलतो, सांधा तेलाच्या वर राहतो. हे ब्रिटिश इंजिनिअरांना सुचलं नसतं, असं आम्हाला वाटत नाही. त्यासाठी नवी यंत्रं घ्यावी लागतात, नवे साचे करावे लागतात, आणि ते ठरवणं ड्रॉइंग बोर्डवरच्या माणसाच्या हातात नसतं.

(तीन सिलिंडरचा क्रँकशाफ्ट, जवळून.)

त्यांच्याकडे काय होतं, ते इथे बघा. हा ट्रायम्फच्या 1968 च्या ट्रायडंटचा क्रँक, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा. बर्ट हॉपवुड आणि डग हील यांचं हे तीन सिलिंडरचं इंजिन. पिस्टन जिथे जोडले जातात त्या तीन क्रँकपिन एकमेकींपासून 120 अंशांवर हव्यात. त्यासाठी क्रँक आधी सपाट घडवला आणि मग पुन्हा तापवून पिळला. लोहाराने सळई पिळावी तसा, पण इथे चूक चालणार नव्हती. तीन पिस्टन असे विभागले, की एक खाली येताना दुसरा वर जात असतो. खालच्या हवेचा तो सेकंदाला शंभर वेळचा धक्का जवळजवळ नाहीसा होतो.

(म्युझियम. रेसिंग गाडीभोवती फिरणारा कॅमेरा.)

बर्मिंगहॅमजवळच्या नॅशनल मोटरसायकल म्युझियममधली ही ट्रायडंट. 1970 मध्ये फ्रान्समधल्या बोल दोर या 24 तासांच्या शर्यतीत हिने इतकं तेल फेकलं, की गाडी आणि स्वार दोघेही माखले. तरी ती पाचवी आली. तेव्हापासून हिचं नाव ‘स्लिपरी सॅम’, म्हणजे निसरडा सॅम. पुढे 1971 ते 1975 अशी सलग पाच वर्षं आइल ऑफ मॅन बेटावरच्या प्रॉडक्शन टीटी या रस्त्यावरच्या शर्यतीत ती जिंकली. सुमारे 60 किलोमीटरची एक फेरी, गावांतून, दगडी कुंपणांच्या मधून. 2003 मध्ये म्युझियमला आग लागली, त्यात सॅम जळाला. जे उरलं त्यावर तो पुन्हा उभा केला. वेल्डिंगच्या या खुणा, हे नवं ॲल्युमिनियम. कॅमेरा इथे थोडा थांबू दे.

(मेरिडेन. घरांची वसाहत. रस्त्याची पाटी.)

1973 मध्ये मेरिडेन बंद करायचं ठरलं. कामगारांनी फाटक अडवलं, 1975 मध्ये सहकारी संस्था करून कारखाना स्वतः चालवला आणि 1983 मध्ये तो कायमचा बंद झाला. पाटीवर लिहिलंय: बॉनव्हिल क्लोज.

(हिंकली. स्वच्छ हॉल, यंत्रांच्या रांगा.)

त्याच वर्षी जॉन ब्लूर या बांधकाम व्यावसायिकाने ट्रायम्फचं नाव विकत घेतलं. पहिली गाडी विकली गेली 1991 मध्ये. मधली आठ वर्षं आम्हाला फार मोलाची वाटतात. जपानमधली कारखानदारी पाहून घेतली, संगणकावर चालणारी यंत्रं आणली, इंजिन कागदापासून नव्याने मांडलं. सगळ्या इंजिनांत सिलिंडरचा व्यास 76 मिलिमीटर. स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वर-खाली धाव, दोनच, 55 आणि 65. सिलिंडर तीन किंवा चार. एवढ्यावर 750, 900, 1000 आणि 1200 अशी चार इंजिनं तयार होतात आणि कितीतरी भाग सगळ्यांना सारखे लागतात. यंत्रात गुंतवलेला पैसा असा वसूल होतो.

हा नवा कारखाना हिंकलीत, आणि हिंकली मेरिडेनपासून फार लांब नाही. माणसं याच मुलखातली. बदलली ती यंत्रं आणि कारखाना चालवायची पद्धत.

(शर्यतीचा ट्रॅक. आवाज.)

2019 पासून मोटो-2 या, मोटोजीपीच्या खालच्या गटाच्या विश्वस्पर्धेतल्या प्रत्येक गाडीत ट्रायम्फचं 765 सीसीचं इंजिन असतं. तीन सिलिंडर, 140 हून जास्त अश्वशक्ती. सगळ्यांना सारखं आणि सीलबंद, म्हणजे स्वाराला आत हात घालता येत नाही. पहिल्याच मोसमात ऑस्ट्रेलियातल्या फिलिप आयलंडला मोटो-2 ची गाडी पहिल्यांदा ताशी 300 किलोमीटरच्या पुढे गेली. या शर्यतींत ट्रॅकवर तेल सांडणं म्हणजे मागच्या स्वाराच्या जिवाशी खेळ. म्हणूनच इंजिन फुटलंच तर निम्मं तेल आणि कूलंट धरून ठेवेल असं खालचं फेअरिंग, म्हणजे गाडीचं बाहेरचं आवरण, नियमानेच बंधनकारक आहे. गाडीखालचा ट्रे आता गाडीलाच बसवलेला आहे.

(चाकण. एमआयडीसीचा रस्ता, शिफ्ट सुटण्याची वेळ.)

आणि हे आपलं चाकण. 2023 मध्ये आलेली ट्रायम्फ स्पीड 400 हिंकलीत आखली गेली आणि बांधली जाते इथे, बजाजच्या कारखान्यात. 398 सीसी, एक सिलिंडर.

(पुन्हा कॉव्हेंट्रीचं गॅरेज. इंजिन जुळवलेलं.)

क्रँककेसचे दोन्ही भाग जुळले. बोल्ट आळीपाळीने आवळले, एकदम कुठलाच नाही. पुशरॉडच्या नळ्या बसल्या, रॉकर बॉक्स बसले. कार्ब्युरेटरचं बटण दाबून पेट्रोल बोटाला लागेपर्यंत थांबायचं आणि मग किक.

(पहिली किक. दुसरी. इंजिन सुरू. निवेदन नाही.)

(दुसरा दिवस, सकाळ. ट्रे.)

काल गाडी तास-दीड तास फिरून आली. क्रँककेसचा सांधा कोरडा आहे. पुशरॉडच्या नळ्या कोरड्या आहेत. ट्रेमध्ये एक थेंब आहे, डाव्या बाजूला, इंजिनपासून क्लचकडे जाणाऱ्या प्रायमरी चेनच्या कव्हरखाली. आजोबांनी त्याच्याभोवती खडूने गोल केला आणि पाना हातात घेतला.