आंबा कापल्यावर गिऱ्हाईक काय शोधतं

(देवगड परिसरातल्या आंबा बागायतदारांसमोर ऑक्टोबर महिन्यात ‘गूगलच्या शोधात आपली वेबसाइट’ या विषयावर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

मंडळी, सुरुवात साक्यापासून करतो. गिऱ्हाइकासमोर हा शब्द काढायला आपल्यापैकी कुणालाच आवडत नाही, हे मला ठाऊक आहे. तुमची पेटी पुण्यातल्या एखाद्या घरी पोचते. आंबा बाहेरून सोन्यासारखा, वास घरभर. सुरी लावली की आत पांढरट, आंबटसर, स्पंजासारखा गर, म्हणजेच साका. त्या घरातली ताई तुम्हाला फोन करण्याआधी मोबाइलवर विचारते, ‘हापूस आंब्यात आतून पांढरा भाग का असतो? खाल्ला तर चालतो का?’

या प्रश्नाचं उत्तर जगात सर्वांत चांगलं कोण देईल? तुम्ही. साका बाहेरून दिसत नाही, ती कीड नव्हे, झाडावर जास्त तयार झालेल्या फळात तो अधिक सापडतो, तापलेल्या जमिनीची धग त्याला कारण होते, म्हणून आपण फळ चौदा आण्याला, म्हणजे पूर्ण तयार व्हायच्या थोडं आधीच काढतो, हे तुम्ही झोपेतही सांगाल. पण तुमच्या वेबसाइटवर यातलं एक अक्षर नाही. तिथं लिहिलंय, ‘अस्सल देवगड हापूस, उत्तम दर्जा, रास्त भाव’. हेच वाक्य शेजारच्या बागायतदाराच्या वेबसाइटवर आहे आणि कर्नाटकचा आंबा देवगडच्या पेटीत भरणाऱ्याच्याही वेबसाइटवर आहे. गूगलसारख्या शोधयंत्रानं तुमच्यात आणि त्याच्यात फरक करायचा तरी कशावरून?

मग त्या ताईंना उत्तर कोण देतं? आंबा पिकवायला गवतात रचून आयुष्यात कधी अढी न लावलेला कुणीतरी. तो लिहितो, ‘हा कार्बाइडचा परिणाम असू शकतो.’ कार्बाइडनं फळ पिकवायला आपल्या देशात बंदी आहे. म्हणजे काही चूक नसताना तुम्ही गुन्हेगार ठरलात, आणि खुलासा करायला तुम्ही तिथं हजरच नव्हता.

गूगल हे सगळं ठरवतं कसं, ते थोडक्यात सांगतो. १९९८ साली लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन या स्टॅनफर्डच्या दोन विद्यार्थ्यांनी मांडलेली मूळ कल्पना आपल्या बाजारातलीच वाटावी अशी आहे. एका पानावरून दुसऱ्या पानाला दुवा, म्हणजे लिंक दिली, तर ती एक शिफारस. आणि शिफारस करणाऱ्याचं स्वतःचं वजन जितकं जास्त, तितकी ती शिफारस मोलाची. वाशीच्या मार्केटमध्ये जुन्या, जाणत्या दलालानं तुमच्या मालाचं नाव घेणं आणि रस्त्यावरच्या कुणीही घेणं, यात फरक असतोच ना? आज त्यात इतर कितीतरी गोष्टी मोजल्या जातात, पण शिफारशीचं महत्त्व संपलेलं नाही.

ज्याला किंमत असते त्याची नक्कल निघते. शिफारशी विकत मिळू लागल्या. अमेरिकेतल्या जेसी पेनी या मोठ्या दुकानसाखळीचं प्रकरण फेब्रुवारी २०११ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सनं उघड केलं. दुकानाशी काडीचा संबंध नसलेल्या हजारो पानांवर त्यांचे दुवे पेरलेले होते. ऐन नाताळच्या खरेदीत कपड्यांपासून अंथरुणा-पांघरुणापर्यंत कितीतरी शोधांत ते पहिले येत होते. गूगलनं कारवाई केली आणि ते थेट खाली फेकले गेले. एप्रिल २०१२ मध्ये गूगलच्या क्रमवारीत पेंग्विन नावाचा बदल आला आणि अशी पेरणी करणाऱ्या असंख्य वेबसाइट एका झटक्यात मागे पडल्या.

त्यात मी केलेलं कामही होतं, हे आज तुमच्यासमोर सांगायला हवं. त्या काळी वेबसाइट शोधात वर आणून देणाऱ्या ज्या कंपनीत मी होतो, तिथं आम्ही एका छोट्या व्यावसायिकासाठी दुवे विकत घेतले होते. त्याला ते कळलंही नव्हतं. तो फक्त म्हणाला होता, ‘साहेब, वरती आणा.’ आम्ही आणलं, आणि नंतर त्याचं नाव दहा पानं उलटली तरी सापडेना. ऐन हंगामात त्याचा फोन आला, तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं. तेव्हापासून ‘पहिल्या पानाची गॅरंटी’ हे शब्द मी कुणालाही दिले नाहीत. तुम्हालाही असे फोन येत असतील. पहिल्या क्रमांकाची हमी कुणीच देऊ शकत नाही, असं खुद्द गूगलच सांगतं. तेवढं वाक्य ऐकवा आणि फोन ठेवा.

मग खरी शिफारस मिळते कुठून? तुमच्याकडे अभ्यासाला आलेल्या कृषी महाविद्यालयाच्या पानावरून, तुमच्या सहकारी संस्थेच्या सभासद-यादीतून, दरवर्षी पेट्या मागवणाऱ्या एखाद्या महाराष्ट्र मंडळाकडून. हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणजे ठरावीक प्रदेशातल्या मालालाच ते नाव लावायचा हक्क. तुम्ही अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी केली असेल, तर ते वेबसाइटवर स्पष्ट लिहा. नसेल, तर मानांकनाचं चिन्ह लावू नका. आणि बाग दाखवा. झेल्यानं, म्हणजे जाळी लावलेल्या काठीनं आंबा उतरवतानाचा फोटो, अढी लावतानाचा फोटो, स्वतःचे, उसने नकोत. मजकुराचा दर्जा तपासणाऱ्या माणसांसाठी गूगलची एक मार्गदर्शिका आहे. डिसेंबर २०२२ मध्ये तिच्यात ‘अनुभव’ हा निकष वाढवला गेला. लिहिणाऱ्यानं ती गोष्ट स्वतः केली आहे का, हा तो प्रश्न. या सभागृहात अनुभवाला काय तोटा!

तांत्रिक बाबी फार नाहीत, पण एक मात्र जवळजवळ सगळीकडे दिसते. दरपत्रक व्हॉट्सॲपवरच्या रंगीत चित्रात असतं आणि तेच चित्र वेबसाइटवर चिकटवलेलं असतं. चित्रातल्या अक्षरांवर शोधयंत्राचा भरवसा ठेवू नका. पेटी किती डझनाची, फळ किती ग्रॅमचं, भाव काय, हे साध्या अक्षरांत टाइप करा. फोटो हलके करा. पानाचा मुख्य भाग अडीच सेकंदांत दिसावा अशी अपेक्षा असते, आणि गिऱ्हाईक लोकलमध्ये उभं राहून तुमचं पान उघडत असतं. दुसरं म्हणजे, दर हंगामाला नवं पान काढून जुनं पुसू नका. एकच पत्ता ठेवा आणि त्यावरचा मजकूर बदला. जुन्या पानानं मिळवलेली पत पान पुसलं की वाया जाते.

गूगलच्या नकाशावरच्या तुमच्या नोंदीकडेही लक्ष द्या. गूगल तिथं तीन गोष्टी बघतं: शोधाशी जुळणारा व्यवसाय, अंतर आणि नावलौकिक. हंगामाच्या वेळा नीट भरा आणि बंद असाल तेव्हा ‘तात्पुरतं बंद’ ठेवा. जूनमध्ये कुलूप बघून परतलेला पाहुणा एक तारा देतो, आणि तो वर्षभर दिसत राहतो.

अभिप्रायाबद्दल मला मनापासून सांगायचंय. ‘पाच तारे द्या, अर्धा डझन फुकट न्या’ हे करू नका. गूगलच्या नियमात ते बसत नाही, आणि सगळे पाच-पाच तारे बघून गिऱ्हाइकालाही संशय येतो. ‘सहा आंबे साक्याचे निघाले’ असं कुणी लिहिलं, तर भांडू नका आणि गप्पही बसू नका. त्याच दिवशी उत्तर द्या: फोटो पाठवा, तेवढी फळं बदलून देतो, साका का होतो ते आमच्या या पानावर लिहिलंय. ते उत्तर तक्रार करणारा एकटाच वाचत नाही. पुढच्या वर्षी पेटी मागवू का, या विचारात असलेले सगळे ते वाचतात.

वेबसाइट वर आणायचं काम एजन्सीला दिलं तरी परिणाम दिसायला साधारण चार महिने ते वर्ष लागतं, असं गूगलच्याच लोकांनी सांगितलेलं आहे. आज ऑक्टोबर आहे, मोहोर यायचाय. मार्चमध्ये पहिली पेटी निघताना जागे झालात, तर हा हंगाम हातचा गेला. म्हणून आज घरी गेल्यावर गेल्या मेमधले व्हॉट्सॲपचे निरोप उघडा. गिऱ्हाइकांनी विचारलेला प्रत्येक प्रश्न वहीत उतरवा. आंबा फ्रिजमध्ये ठेवायचा का, डेखाजवळ (देठाजवळ) सुरकुत्या का पडल्या, अमेरिकेतल्या मुलीला पेटी पाठवता येईल का. या शेवटच्या प्रश्नाचं खरं उत्तर द्या: तिकडे जाणाऱ्या आंब्यावर लासलगावसारख्या मान्यताप्राप्त केंद्रात विकिरण प्रक्रिया व्हावी लागते, घरून पार्सल करता येत नाही. ऑर्डर मिळणार नाही, तरीही लिहा. एका प्रश्नाला एक पान, तुमच्या बोलीत, तुमच्या नावानं. पहिलं पान साक्याचं.