दोनशे वर्षं जगणाऱ्याचं रेशनकार्ड

मंडळी, समजा कादंबरीचा नायक 1790 साली जन्मला, तिशीत त्याचं वय थांबलं आणि आज तो लालबागच्या चाळीत दहा बाय बाराच्या खोलीत राहतोय. लेखक लगेच त्याच्या एकटेपणावर पन्नास पानं खर्ची घालतो. एकटेपण ठीक आहे हो, पण भाडेपावती कुणाच्या नावाने फाटते? माझ्या मते कादंबरी तिथे आहे.

पहिली दीडशे वर्षं भराभर उरका. गाव बदललं, आडनाव बदललं, काम झालं. गिरणीत तर फारच सोय. बदली कामगार सकाळी गेटवर उभा राहायचा, जॉबरने, म्हणजे कामगार भरणाऱ्या मुकादमाने, बोट दाखवलं की आत. पण 1943 मध्ये मुंबईत रेशनिंग आलं आणि माणूस नाव, वय, नात्यासकट कार्डावर चढला.

आता पागडीच्या, म्हणजे एकरकमी पैसे मोजून कायमच्या भाड्याने घेतलेल्या, खोलीचा पेच नीट बघू. नायकाला दर पंचवीस-तीस वर्षांनी ‘मरून’ स्वतःचाच वारस म्हणून परत यायचंय. पुतण्या दाखवू नका, पुतण्या कुटुंबात मोडतो का यावरच वकील वर्षं काढतील. मुलगा बरा, चेहरा जुळतो याचंही कुणाला नवल नाही. 1947 च्या भाडे कायद्यात आणि नंतर 1999 च्याही, भाडेकरू वारला की हक्क जातो तो त्याच्याबरोबर राहणाऱ्या कुटुंबीयाकडे. ‘बरोबर राहणाऱ्या’ हे शब्द अधोरेखित करा. म्हणजे बाप जिवंत असतानाच मुलाचं नाव रेशनकार्डावर हवं. आणि चाळीत गॅलरी सामायिक, संडास सामायिक. बापलेक कधीच एकत्र दिसत नाहीत, हे समोरच्या मावशींना आठवड्यात कळतं.

शिवाय मृत्यूचा दाखला हवा, त्यासाठी डॉक्टरची चिठ्ठी, चिठ्ठीसाठी प्रेत. प्रेत नाही म्हणून बेपत्ता व्हावं, तर 1872 च्या पुरावा कायद्यापासूनचा नियम असा की सात वर्षं खबर नसेल तरच माणूस मेला असं धरतात. इकडे खोली सबळ कारणाशिवाय सलग सहा महिने बंद राहिली की घरमालक ती खाली करून घेण्याचा दावा लावू शकतो. तिकडे सात वर्षं, इकडे सहा महिने! मधल्या काळात खोलीत दिवा लावणारं कुणीतरी लागतंच. ते माणूस गुपित जाणतं, त्याचं वय मात्र वाढत राहतं. माझं सांगणं, कथा त्याच्याच तोंडून येऊ द्या.

शरीरही चुगली करतं. देशातली देवीची पहिली लस मुंबईतच टोचली गेली, 14 जून 1802 रोजी. नायक तेव्हा बारा वर्षांचा, म्हणजे त्यालाही टोचलेली असू शकते. देशातला देवीचा शेवटचा रुग्ण 1975 मधला. मग काही वर्षांत टोचणं थांबलं. आज तिशीतल्या दंडावर देवीचा तो खोलगट, गोल व्रण असूच शकत नाही. एखाद्या निवृत्त नर्सबाईंच्या नजरेतून तो सुटायचा नाही. त्याला बाह्या दुमडू देऊ नका.

आणि हात. जुनी मोडी लिपी घटवलेला माणूस आधी ओळभर शिरोरेघ ओढतो, मग तिच्याखाली अक्षरं लटकवतो. बँकेच्या काउंटरवर स्लिप भरताना त्याने नुसती आडवी रेघ ओढून क्षणभर थांबावं. एवढं एक वाक्य पुरे.

2010 नंतर मात्र नवी ओळख नाहीच. आधारला दहा बोटं आणि दोन्ही बुबुळं घेतात, आणि दुसऱ्यांदा नोंदणी केली तर ती आधीच्या सगळ्यांशी ताडून नाकारली जाते. नाव राजपत्रात छापून बदलता येईल, बोटं कशी बदलणार? तेव्हा जे जन्मसाल लावलं तेच त्याला जगावं लागतं. 1975 लावलं असेल तर तो आता पन्नाशीचा. कानशिलं पांढरी रंगवायला एव्हाना सुरुवात झालेली हवी, आणि मे महिन्यात, परळच्या पुलावरच्या गर्दीत, तो रंग घामाबरोबर कॉलरवर उतरतो.