अकराव्या जागेचा सामना : अल्टिमेट फ्रिस्बीच्या हंगामी गुणतक्त्याची घडण

[दृश्य: रिकामी होत चाललेली मैदानं. कडेच्या मैदानावर अजून सामना चालू.]

रविवार, दुपार कलली आहे. मधल्या मैदानावर अंतिम सामना रंगात आलाय, आणि अगदी कडेच्या मैदानावर दोन संघ अकराव्या जागेसाठी भिडलेत. दोन दिवसांतला हा त्यांचा सहावा सामना. पायांत गोळे आलेत, बाहेर बदली खेळाडू तीनच उरलेत. तरीही १७५ ग्रॅमच्या प्लास्टिकच्या उडत्या डिस्कसाठी एक जण जमिनीला समांतर झेपावतो. हे दोन संघ सामना सोडून घरी का गेले नाहीत? कारण अकराव्या जागेला ३५ गुण आहेत आणि बाराव्या जागेला ३१. हंगाम संपताना हे चार गुण उपयोगी पडणार, हे दोघांनाही ठाऊक आहे.

हौशी क्लबांच्या स्पर्धांना एका माळेत ओवणारा गुणतक्ता चांगला आहे की नाही, हे विजेत्याकडे बघून कळत नाही. ते अशा कडेच्या मैदानावर कळतं.

[दृश्य: गोलक्षेत्राची रेषा. डिस्क झेलली जाते.]

आधी एक खुलासा. मैदानाच्या टोकाला असलेल्या गोलक्षेत्रात डिस्क झेलली की जे मिळतं, त्याला आपण इथे ‘गोल’ म्हणू. ‘गुण’ हा शब्द हंगामाच्या तक्त्यासाठीच. दोन्हींना ‘पॉइंट’ म्हटलं की नियमावली वाचताना हमखास घोळ होतो.

[दृश्य: पडद्यावर गुणांचे तीन तक्ते.]

समजा हंगामात सहा स्पर्धा आहेत, प्रत्येकीत १६ संघ. सर्वांत सोपी कल्पना अशी: पहिल्याला १६ गुण, दुसऱ्याला १५, शेवटच्याला १. आता एक संघ सहाही स्पर्धा खेळतो आणि दरवेळी सहावा येतो. अकरा सक सहासष्ट. दुसरा संघ चारच खेळतो, पण चारही वेळा उपविजेता. पंधरा चोक साठ. म्हणजे एकदाही पहिल्या पाचांत न आलेला संघ तक्त्यात वर. इथे खेळापेक्षा हजेरी मोठी ठरली.

मग दुसरं टोक: १००, ५०, २५, दर पायरीला निम्मे. चार वेळा तिसरा आलेला संघ १०० वर पोचतो. एकदा जिंकून बाकीचा हंगाम घरी बसलेला संघही १०० वर. आणि आठव्या जागेपासून गुण एकाच्याही खाली जातात. अशा तक्त्यात अकराव्या जागेचा सामना कोण खेळेल?

आमची पसंती दर पायरीला दहा टक्के घट करण्याला आहे. पूर्णांकात मांडलं तर १००, ९०, ८१, ७३, ६६, ५९, ५३, ४८. खालच्या आठांना ४३, ३९, ३५, ३१, २८, २५, २३, २१. वरच्या दोघांत दहा गुणांचं अंतर, तळाच्या दोघांत दोनाचं. वर चढ आहे, खाली उतार सौम्य होत जातो, पण शून्य कुठेच नाही. चार वेळा तिसऱ्या आलेल्या संघाचे ३२४ होतात. एकदा पहिला आणि तीनदा आठवा आलेल्याचे २४४. सातत्याला मोल मिळालं आणि विजेतेपदाची शानही राहिली.

सहापैकी सर्वोत्तम चार निकालच धरायचे. परीक्षा, दुखापती, नोकरी, प्रवास... हौशी संघ सहाही वेळा पूर्ण ताकदीनं येऊ शकत नाही. दोनच निकाल धरले तर उरलेला हंगाम पोकळ होतो. सहाही धरले तर ज्याच्याकडे प्रवासाचा पैसा, त्याचा तक्ता. लहान स्पर्धेसाठी गुणांना गुणक लावावा, उदाहरणार्थ आठ संघ असतील तर ०.७५. मात्र तो नोंदणी बंद होतानाच जाहीर करायचा. निकालानंतर ठरवलेला गुणक कुणालाच पटत नाही.

[दृश्य: फळ्यावर चार गट लिहिले जातात.]

आता स्पर्धेची मांडणी. गट पाडताना मानांकन याच तक्त्यावरून, नागमोडी क्रमानं: १, ८, ९, १६ एका गटात, २, ७, १०, १५ दुसऱ्यात, ३, ६, ११, १४ तिसऱ्यात, ४, ५, १२, १३ चौथ्यात. प्रत्येक गटाची बेरीज ३४ यायला हवी, नाहीतर कुठेतरी चूक झाली आहे. शनिवारी प्रत्येकाचे गटात तीन सामने. रविवारी गटातले वरचे दोन पहिल्या आठ जागांसाठी खेळतात, खालचे दोन नवव्या ते सोळाव्या जागेसाठी, पुन्हा प्रत्येकी तीन सामने. एकूण ४८ सामने. चार मैदानं असली तर रोज सहा सत्रं. सत्र ७५ मिनिटांचं धरलं तर साडेसात तास. यात उशिराला जागा नाही, म्हणून वेळमर्यादेची शिट्टी सगळ्या मैदानांवर एकदमच वाजली पाहिजे.

या मांडणीत एक धारदार कडा आहे. गटात दुसरा आलेला संघ कितीही हरला तरी आठव्याच्या खाली जात नाही, म्हणजे ४८ गुण पक्के. तिसरा आलेला संघ सगळं जिंकला तरी नववा, म्हणजे जास्तीत जास्त ४३. म्हणून गटातली बरोबरी कशी सोडवायची, हा सगळ्या नियमावलीतला सर्वांत नाजूक भाग.

[दृश्य: गुणपत्रिका जवळून. पेन्सिलीनं खोडलेले आकडे.]

क संघानं ख ला १३-९ हरवलं. ख नं ग ला १३-१२. ग नं क ला १३-११. चौथ्या संघाला तिघांनीही हरवलं. तिघांचे विजय दोन-दोन. आता या तिघांच्या आपसांतल्या सामन्यांचा गोलफरक काढू. क अधिक २, ग अधिक १, ख उणे ३. म्हणजे क पहिला, ग दुसरा, ख तिसरा.

थांबा. काही नियमावल्या म्हणतात, गोलफरकानं फक्त अव्वल संघ वेगळा काढा आणि उरलेल्या दोघांसाठी पुन्हा पहिल्या निकषावर या: आपसांत कोण जिंकलं? ख जिंकला, १३-१२. म्हणजे ख दुसरा, ग तिसरा. आकडे तेच, पण पहिल्या आठांत जाणारा संघ बदलला.

दोन्ही पद्धती योग्य आहेत. अयोग्य एकच गोष्ट: कोणती वापरणार, हे स्पर्धेआधी न लिहिणं. शनिवारी संध्याकाळी दोन कर्णधार दोन वेगवेगळ्या हिशेबांनी टेबलाशी येतात, तेव्हा तिथे दिलेला कोणताही निर्णय एकाला पक्षपाती वाटतो.

[दृश्य: बॅगा उचलून निघालेला संघ.]

न खेळलेल्या सामन्याचं काय? दोन्ही संघांनी संगनमतानं सामना सोडला, तर दोघांनाही खालच्या जागेचे गुण. सरासरी दिली तर न खेळणं फायद्याचं होतं. एक संघ तयार आणि दुसरा निघून गेला, तर तयार संघाला वरची जागा आणि गेलेल्याचे त्या स्पर्धेतले गुण निम्मे. विजांमुळे खेळ थांबला तर मात्र सरासरीच: तिसऱ्या-चौथ्या जागेसाठी ८१ आणि ७३ ची सरासरी, ७७.

जागेवर गुण देण्याऐवजी सामन्यागणिक मूल्यांकन करण्याचीही पद्धत आहे. अमेरिकेत ‘यूएसए अल्टिमेट’ ही या खेळाची संघटना तसं करते. विजेत्यासाठी सामन्याचं मूल्य म्हणजे प्रतिस्पर्ध्याचं मूल्यांकन अधिक काही भर: एका गोलानं जिंकलं की १२५, आणि विजेत्याचे गोल दुपटीहून जास्त असतील तर ६००. १३-९ च्या विजयाला सुमारे ४१९. त्यामुळे आपल्यापेक्षा ६०० नं खालच्या संघाला १३-९ हरवलं, तर त्या सामन्याचं मूल्य आपल्या मूल्यांकनाहून कमी भरतं, म्हणजे जिंकूनही आपण खाली येतो. शेकडो संघ एकमेकांशी क्वचितच खेळतात, तिथे ही पद्धत मोलाची आहे. सोळा संघांच्या मंडळींसाठी जागेचा तक्ता बरा. तो पाठ करता येतो, आणि जिंकून कुणी खाली जात नाही.

[दृश्य: खेळाडूंची यादी, हातानं केलेल्या खुणा.]

गुण क्लबाच्या नावावर जमतात, पण नाव तेच आणि खेळाडू सगळे उसने, असं होऊ लागलं तर तक्त्याला अर्थ उरत नाही. हंगामाआधी २४ जणांची यादी द्यायची, दर स्पर्धेत त्यातले किमान १२ हवेत, पाहुणे जास्तीत जास्त तीन. यापेक्षा कडक केलं तर छोटे क्लब मैदानात सात जणही उतरवू शकत नाहीत.

या खेळात सहसा पंच नसतो. फाउल खेळाडूच पुकारतात आणि वाद आपसांत मिटवतात. म्हणून सामन्यानंतर प्रत्येक संघ प्रतिस्पर्ध्याला स्पिरिटचे, म्हणजे खिलाडूवृत्तीचे, गुण देतो. नियमांची जाण, शारीरिक संपर्क, न्यायबुद्धी, वृत्ती आणि संवाद, असे पाच मुद्दे. प्रत्येकाला ० ते ४. दोन म्हणजे ‘चांगलं’, म्हणून नेहमीच्या चांगल्या सामन्याची बेरीज दहा येते. हे गुण मुख्य तक्त्यात मिळवू नयेत, असं आमचं ठाम मत आहे. मिळवले की चुरशीतल्या संघाला कमी आणि मित्रांना जास्त देण्याचा मोह होतो, आणि प्रामाणिक दहाची किंमत जाते. त्यांचा तक्ता वेगळा ठेवावा, आणि पत्रक तासाभरात न देणाऱ्या संघाचे स्पर्धेचे गुण ते मिळेपर्यंत रोखावेत.

[दृश्य: लॅपटॉपवर तक्ता.]

नोंदीत चुका कुठे होतात? संघाचं नाव दोन प्रकारे लिहिलं की संगणक दोन संघ समजतो. प्रत्येकाला तीन अक्षरी संकेत द्या. गुण हातानं भरू नका, फक्त जागा भरा. सर्वोत्तम चार निवडणारं ‘लार्ज’ हे स्प्रेडशीटचं सूत्र चारपेक्षा कमी आकडे असले की त्रुटी दाखवतं, म्हणून न खेळलेल्या स्पर्धेपुढे शून्य लिहा. ४८ तासांत निकाल जाहीर, पुढचे ७२ तास हरकतींसाठी, मग रकाना कुलूपबंद.

[दृश्य: दोन कर्णधार समोरासमोर.]

हंगाम संपला. अंतिम स्पर्धेसाठी आठ जागा, आणि आठव्या जागेवर दोन संघ अगदी बरोबरीत. आधी दोघांची सर्वांत वरची जागा बघायची, मग दुसरी, मग तिसरी, मग आपसांतले सामने. इतकं करूनही गाठ सुटली नाही, तर मैदानावरची जुनी रीत. डिस्कची एक बाजू फुगीर असते, एकच उडवली तर कौल एकीकडे झुकू शकतो. म्हणून दोघं एकेक डिस्क एकाच वेळी उडवतात, आणि त्या हवेत असतानाच, दोन्ही एकाच बाजूनं पडणार की वेगवेगळ्या, हे एक कर्णधार पुकारतो: ‘सारख्या!’