झुरळापासून दम्याचे औषध

पावसाळ्यात भिंतींना ओल येते, दमेकऱ्याची धाप वाढते आणि रात्र बसून काढावी लागते. अशा रुग्णांना होमिओपॅथीत जी औषधे दिली जातात, त्यांत ब्लाटा ओरिएंटालिस हे नाव ठळक आहे. हे औषध झुरळापासून बनते. होमिओपॅथी जर्मनीतली असली, तरी हे औषध तिला कलकत्त्याने दिले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिथल्या डॉ. डी. एन. रे यांनी त्याचा पुरस्कार केला. चहा पिऊन एका दमेकऱ्याला अवचित आराम पडला आणि किटलीत पाहिले तर झुरळ उकळलेले निघाले, अशी त्याची जन्मकथा सांगतात.

मूळ अर्काच्या एका भागात नव्व्याण्णव भाग मद्यार्क घालून बाटली जोराने हलवायची, त्यातला एक भाग घेऊन पुन्हा तेच करायचे, असे तीस वेळा झाले की ३० पोटेन्सी तयार होते. हिशेब केला, तर बाराव्या वेळेच्या सुमारासच झुरळाचा अखेरचा रेणू संपलेला असतो. साबुदाण्याएवढ्या गोळ्यांवर पडतो तो निव्वळ मद्यार्क. दम उसळलेला असताना मात्र कमी पोटेन्सीचे, म्हणजे कमी वेळा विरळ केलेले, औषध द्यावे, असे होमिओपॅथीचे ग्रंथ सांगतात, आणि खरी काळजी तिथेच वाटते, कारण त्यात झुरळाचा अंश उरलेला असू शकतो आणि झुरळातील प्रथिने हे तर दमा चाळवणारे सिद्ध कारण आहे.

याच तत्त्वावर, म्हणजे ज्याची ॲलर्जी तेच विरळ करून देण्याच्या तत्त्वावर, ब्रिटनमध्ये धुळीतल्या किड्यांची ॲलर्जी असलेल्या २४२ दमेकऱ्यांची चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. सोळा आठवड्यांनंतर खरे औषध आणि नुसती गोळी यांच्या परिणामांत फरक आढळला नाही.

तरीही अनेकांना बरे वाटते, आणि ते खोटे बोलत नाहीत. त्रास पहाटे वाढतो का, तहान किती लागते, भीती कशाची वाटते, हे कोणीतरी निवांत विचारते; शिवाय दमा ऋतूप्रमाणे आपणहून चढतो नि उतरतो, आणि त्या उताराचे श्रेय चालू असलेल्या औषधाला मिळते.

गोळ्यांपेक्षा घातक आहे तो ‘पंपाची सवय लागते’ हा समज. रोजचा स्टेरॉइडचा पंप श्वासनलिकांची सूज आवरतो. तो डॉक्टरांना न विचारता बंद केल्यास सूज पुन्हा वाढते. एक वाक्यही सलग बोलवत नसेल किंवा ओठ निळसर दिसू लागले असतील, तर कोणत्याही गोळीची वाट न पाहता रुग्णाला तात्काळ रुग्णालयात न्यावे.