ऑक्सबरा हॉल: खंदकातला वाडा

नॉरफोक. इंग्लंडचा पूर्वेकडचा सपाट मुलूख. नजर पोहोचेल तिथवर शेतं, आणि त्यातच अचानक समोर येतो हा लाल विटांचा वाडा. चहूबाजूंनी पाण्याचा खंदक, त्यावर कमानींचा पूल आणि पुलापलीकडे तब्बल 80 फुटी महाद्वार.

1482 साली राजा चौथा एडवर्ड याने सर एडमंड बेडिंगफील्ड यांना तटबंदीचा परवाना दिला. त्यामुळे पहिल्या नजरेत हा भुईकोट किल्लाच वाटतो. पण जरा वर बघा. दर्शनी भिंतीत एवढ्या मोठ्या खिडक्या ठेवून कुणी किल्ला लढवतं का? चर्या, जंग्या, खंदक हा सगळा थाट बराचसा पाहुण्यांवर छाप पाडण्यासाठी. छाप पडलीही! 1487 मध्ये खुद्द सातवा हेन्री इथे मुक्कामाला आला.

त्याच्या नावाची ही खोली. तिच्या शेजारी एक चिंचोळी कोठडी आहे, जुन्या काळचं शौचकूप. आता खाली फरशीकडे बघा. तिचाच एक तुकडा फिरतो आणि खाली अंधारं भुयार दिसतं. जेमतेम एक माणूस अंग चोरून बसेल एवढं.

एलिझाबेथच्या प्रॉटेस्टंट राजवटीत इथे कॅथलिक पाद्री लपायचे. 1585 च्या कायद्याने परदेशात दीक्षा घेतलेला पाद्री इंग्लंडमध्ये सापडला तर देहदंड, आणि त्याला आसरा देणाऱ्याच्याही गळ्याशी फास. बेडिंगफील्ड घराणं कट्टर कॅथलिक. त्यातून जुनं दुखणं वेगळंच: इंग्लंडची कॅथलिक राणी पहिली मेरी हिच्या काळात, 1554 मध्ये, याच घरातल्या सर हेन्रींवर एका राजकन्येला नजरकैदेत ठेवण्याची कामगिरी आली होती. ती राजकन्या पुढे राणी झाली. पहिली एलिझाबेथ!

योगायोग असा, की एलिझाबेथच्या कैदेत असलेल्या दुसऱ्या राणीचं भरतकामही याच वाड्यात आहे. ही मेरी वेगळी, स्कॉट्सची राणी. ही दालनं मुद्दाम मंद उजेडाची ठेवली आहेत, रेशमाचा रंग उडू नये म्हणून. डोळे सरावले की मासे, पक्षी, झाडं दिसू लागतात. आणि हा हात बघा, कोयत्याने वेल छाटणारा. साधी बागकामाची नक्षी? छाटायची वांझ वेल म्हणजे एलिझाबेथ, असा तिचा अर्थ लावतात. या मेरीशी लग्न करू पाहणाऱ्या नॉरफोकच्या ड्यूकवर राजद्रोहाचा खटला चालला, तेव्हा हीच नक्षी पुराव्यादाखल पुढे आली.

1775 मध्ये जुनी मोठी बैठक पाडली गेली. एकोणिसाव्या शतकात डागडुजी झाली, पिळाची धुराडी आली. ते सगळं ठीकच. 1951 मध्ये मात्र वाडा विकला गेला आणि जमीनदोस्त व्हायची वेळ आली. तेव्हा घरातल्या तीन बायका पुढे सरसावल्या. लेडी सिबिल बेडिंगफील्ड, त्यांची मुलगी आणि भाची. तिघींनी आपापली घरं विकून वाडा परत घेतला, आणि 1952 मध्ये नॅशनल ट्रस्टच्या, म्हणजे जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेच्या, हवाली केला. माझ्या मते राजाच्या मुक्कामापेक्षा ही गोष्ट मोठी आहे, पण तिला फलकावर जागा कमीच मिळते.

आता माळ्यावर. 2016 मध्ये छपरावरची एक खिडकी कोसळली आणि साठ लाख पौंडांचं छपराचं काम निघालं. 2020 मध्ये, टाळेबंदीच्या दिवसांत, माळ्याच्या फळ्या उचलल्या तर खाली उंदरांची बिळं. त्यांत काय नव्हतं? एलिझाबेथच्या काळातल्या रेशमाच्या, मखमलीच्या चिंध्या, हाताने लिहिलेल्या संगीताचे कपटे. गवंड्यांना तर पंधराव्या शतकातलं चर्मपत्राचं पान सापडलं, निळ्या-सोनेरी अक्षरांचं, लॅटिन स्तोत्राचं. शिवाय दुसऱ्या महायुद्धाच्या काळातला चॉकलेटचा रिकामा डबाही. वर पडलेल्या चुन्याच्या जाड थराने ओल शोषून घेतली, म्हणून हे सगळं टिकलं.

बेडिंगफील्ड घराणं आजही वाड्याच्या एका भागात राहतं. तुम्ही गेलात आणि वेळ थोडा असेल, तर बाग राहू द्या. आधी भरतकाम बघा.